घटस्फोटाने बँकेचा करार मोडत नाही: फ्लॅट, कर्जं आणि सोनं यांची वाटणी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून उत्तर देतोय ते कळेल. लग्नाला अकरा वर्षं झाली, आठ वर्षांची मुलगी आहे, दोघंही नोकरीत आहात. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडला दोघांच्या नावावर फ्लॅट घेतलात. नोंदणीच्या खर्चासकट तो ६६ लाखांना पडला. त्यातलं ५० लाख कर्ज, १६ लाख अंगचे. अंगच्या पैशांत तुमच्या वडिलांचे ६, तुमच्या बचतीचे ४ आणि नवऱ्याचे ६ लाख. आज फ्लॅटचा भाव ९५ लाखांच्या आसपास आहे, कर्जाचे ३८ लाख बाकी आहेत आणि ४३,४०० रुपयांचा हप्ता त्यांच्या खात्यातून जातो. घरखर्च आणि मुलीची शाळा तुमच्या पगारातून चालते. हातात येणारा पगार तुमचा ७८ हजार, त्यांचा १ लाख १५ हजार. शिवाय त्यांच्या एकट्याच्या नावावर ९ लाखांचं वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची २ लाख ८० हजारांची थकबाकी आहे. दिराच्या धंद्यासाठी घेतलेल्या पतपेढीच्या ६ लाखांच्या कर्जाला तुम्ही जामीनदार आहात. तुमच्या २४ तोळ्यांपैकी ९ तोळे नवऱ्याच्या नावे सोनेतारणात अडकले आहेत. आता ते म्हणतात, ‘परस्परसंमतीने मोकळे होऊ. तू तुझं सोनं घे, फ्लॅट मला सोड, हप्ते मी भरतो.’ आणि तुम्ही विचारताय की कायद्याने तुम्हाला किती मिळेल.

मला वाटतं, याच्या आधीचा एक प्रश्न जास्त मोठा आहे. हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, हातात पडल्यावर तुमच्या गळ्यात काय उरेल? मालकी हा एक हिशेब आणि देणं हा दुसरा. संमतीच्या घटस्फोटात लोक पहिल्यावर महिनोन्‌महिने भांडतात आणि दुसरा एका ओळीत संपवतात. नंतरचा सगळा त्रास त्या एका ओळीतून निघतो.

तुमच्या वकिलांनी सांगितलं ते खरं आहे. आपल्याकडे लग्नानंतरची सगळी कमाई निम्मी-निम्मी करणारा सर्वसाधारण कायदा नाही. मी तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं धरतोय. त्याचं कलम २७ फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या वस्तूंपुरतं आहे. कलम २५ कायमच्या पोटगीचं आहे. फ्लॅटचा वाद त्याच कुटुंब न्यायालयात चालू शकतो, कारण पती-पत्नीमधल्या मालमत्तेचे दावे ऐकण्याचा अधिकार १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने त्या न्यायालयाला दिलेला आहे. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावायची गरज नाही. अपवाद गोव्याचा. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वाटणीही त्याच पायावर होते. तुमच्यापैकी कोणी मूळचं गोव्याचं असेल किंवा लग्नाची नोंद तिथे झाली असेल, तर पुढचं वाचण्याआधी वकिलांना ते सांगा. हिशेबाचा पायाच बदलू शकतो.

आता फ्लॅट. करारनाम्यावर दोघांची नावं आहेत पण हिस्से लिहिलेले नाहीत, असं मी धरतो. बहुतेक करारनामे असेच असतात. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं. ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर दोघांचा सारखा. म्हणजे बँकेचे उतारे दोन्ही बाजूंनी कापतात. वडिलांचे ६ लाख थेट बिल्डरला चेकने गेले असतील किंवा तुमच्या खात्यातून गेले असतील तर ते तुमच्या बाजूला धरता येतात. रोख दिले असतील तर सिद्ध करणं कठीण. दुसरीकडे नवरा म्हणेल, आठ वर्षांत ४१-४२ लाखांचे हप्ते माझ्या खात्यातून गेलेत. त्यावर तुमचं उत्तर असं की तुमच्या पगारावर घर चाललं म्हणूनच त्यांचा पगार हप्त्याला मोकळा राहिला. हा मुद्दा मला न्याय्य वाटतो. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर घर सांभाळणाऱ्या, न कमावणाऱ्या पत्नीचं योगदानही मालमत्तेतल्या हिश्श्यासाठी धरलं. पण आपल्याकडच्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही आणि प्रत्येक न्यायाधीश तसंच बघेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून शाळेच्या फीच्या पावत्या, किराणा, वीजबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्या खात्यातून गेल्याचे आठ वर्षांचे उतारे आजच काढून ठेवा. तडजोडीच्या टेबलावर तुमचं बोलणं कितपत ऐकलं जाईल ते बरंचसं या उताऱ्यांवर ठरतं.

तडजोडीत सहसा निम्म्यावर येतं, म्हणून निम्मं धरून आकडे मांडू. ९५ लाखांतून ३८ लाख कर्ज वजा केलं की ५७ उरतात. दलाली आणि किरकोळ खर्चाचा एक लाख काढला तर ५६. तुमचे २८ लाख. ‘सोनं घे, फ्लॅट सोड’ या वाक्याची किंमत ही एवढी आहे. आणि सोनं तर मुळात तुमचंच आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर तुम्हाला भेट मिळालेले दागिने हे स्त्रीधन. नवऱ्याचा त्यावर हक्क नसतो आणि ते सांभाळायला दिलं म्हणून त्याचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे ठामपणे सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा म्हटलं की अडचणीत पतीने स्त्रीधन वापरलं तरी ते परत करण्याची जबाबदारी त्याची राहते. तुमचीच वस्तू तुम्हाला देणं ही फ्लॅटची किंमत होऊ शकत नाही. वाटाघाटीत हे दोन विषय एका वाक्यात येऊच देऊ नका.

‘हप्ते मी भरतो’ हे मात्र सगळ्यांत धोक्याचं वाक्य आहे. गृहकर्जाच्या करारावर तुम्ही सहकर्जदार म्हणून सही केली आहे आणि त्या करारात तुमची जबाबदारी संयुक्त तसंच वैयक्तिक असते. म्हणजे बँक संपूर्ण ३८ लाख एकट्या तुमच्याकडून मागू शकते, अर्धे नव्हे. न्यायालयाने हुकूमनाम्यात ‘यापुढील हप्ते पती भरेल’ असं लिहिलं तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते. ते बंधन तुम्हा दोघांपुरतं. त्यांनी तीन हप्ते चुकवले तर नोटीस तुम्हालाही येईल आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, तुमचंही घसरेल.

आणि त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही तरी नुकसान आहेच, ते लोकांच्या लक्षात येत नाही. उद्या तुम्ही स्वतःसाठी आणि मुलीसाठी घर घ्यायला गेलात की बँक तुमचा सिबिल अहवाल उघडेल. त्यात ३८ लाखांचं चालू कर्ज आणि ४३,४०० चा हप्ता दिसेल. बँका साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत एकूण हप्ते चालवून घेतात. ७८ हजारांचं निम्मं ३९ हजार. त्याहून मोठा हप्ता तुमच्या नावावर आधीच आहे, म्हणजे तुमची पात्रता शून्य. हप्ता प्रत्यक्षात नवरा भरतोय हे दाखवून काही बँका तो वगळतात, बऱ्याच वगळत नाहीत. घराची मालकी गेली, कर्ज राहिलं आणि दुसरं घर घेण्याची वाटही बंद झाली, असा तो शेवट असतो.

मग मार्ग कोणते? तीन दिसतात. पहिला, नवऱ्याने फ्लॅट ठेवायचा, कर्ज एकट्याच्या नावावर घ्यायचं आणि तुम्हाला तुमचा हिस्सा द्यायचा. ऐकायला सरळ वाटतं, पण बँक नुसतं नाव खोडून देत नाही. ती त्यांच्या एकट्याच्या उत्पन्नावर पात्रता नव्याने तपासते. त्यांच्या १ लाख १५ हजारांचं निम्मं ५७,५००. सध्याचा हप्ता ४३,४०० आणि वैयक्तिक कर्जाचा, ९ लाख पाच वर्षांसाठी १३ टक्क्यांनी धरले तर, साधारण २०,५००. बेरीज ६३,९००. बसत नाही. ३८ लाख पुन्हा २० वर्षांवर पसरवले आणि व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता ३३ हजारांवर येतो. बेरीज ५३,५००, आणि उरतात ४ हजार. त्या ४ हजारांच्या हप्त्यावर वाढीव कर्ज मिळेल साधारण साडेचार लाखांचं. तुमचे २८ लाख बँकेतून उभे राहणार नाहीत. ते सासरकडून, गावची जमीन विकून किंवा भविष्य निर्वाह निधीतून यावे लागतील. म्हणून ‘देईन हळूहळू’ या शब्दावर सही करण्याआधी पैसे कुठून येणार ते कागदावर मागा.

दुसरा मार्ग तुम्ही विचारलाच नाहीत, म्हणून मुद्दाम मांडतो. फ्लॅट तुम्ही ठेवायचा. ३८ लाख २० वर्षांवर घेतले तर ३३ हजारांचा हप्ता तुमच्या ३९ हजारांच्या मर्यादेत बसतो. निवृत्तीला तेवढी वर्षं हवीत, ती तुम्हाला असावीत. त्यांचा २८ लाखांचा हिस्सा तुम्ही रोख देऊ शकणार नाही. पण ते तुम्हाला एकरकमी पोटगी देणारच असतील, तर फ्लॅटमधला हिस्सा सोडणं हेच त्या पोटगीचं रूप होऊ शकतं. मुलगी तुमच्याकडे राहणार असेल आणि तिची शाळा वाकडलाच असेल, तर या प्रस्तावात न्यायालयाच्या दृष्टीनेही वजन आहे. यात अडथळा पतपेढीचा. तुमचा जामीन अहवालात दिसत असेल तर बँक त्याबद्दल विचारेल.

तिसरा मार्ग विक्री. आकडे पाहता पहिला मार्ग फसला तर हाच सगळ्यांत स्वच्छ. खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेचे ३८ लाख थेट भागवते, उरलेली रक्कम दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत करारात ठरलेल्या प्रमाणात जाते आणि कर्जातून दोघंही एकाच दिवशी सुटता. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे ती भीती नको. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची असते. भांडवली नफ्याचा कर दोघांना आपापल्या हिश्श्यावर लागेल. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असल्याने दोन पद्धतींपैकी कमी कराची निवडता येते. निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्क्यांनी दोघांचा मिळून कर साडेतीन लाखांच्या पुढे जाईल, निर्देशांक लावून २० टक्क्यांनी तो लाखाच्या आत बसावा. सीएकडून दोन्ही आकडे मांडून घ्या. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने खरेदीदार एक टक्का टीडीएस कापेल, तो दोघांच्या पॅनवर विभागून कापला जाईल हे बघा. नाहीतर सगळा टीडीएस एकाच्याच नावावर जमा दिसतो आणि परताव्यासाठी दुसऱ्याला त्याच्या मागे लागावं लागतं.

फ्लॅट एकाने ठेवायचा ठरला तर हिस्सा कोणत्या दस्ताने सोडायचा यात लाखोंचा फरक पडतो. लोक सरसकट ‘हक्कसोडपत्र करू’ म्हणतात. महाराष्ट्रात जवळच्या नातेवाइकांमधल्या हक्कसोडपत्राला नाममात्र मुद्रांक शुल्क लागतं ते वडिलोपार्जित मिळकतीसाठी. तुमचा फ्लॅट स्वकष्टार्जित आहे. त्याच्या हक्कसोडपत्राला खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागेल, सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर. पिंपरी-चिंचवडमध्ये दर साधारण ७ टक्के धरा. निम्मा हिस्सा ४७ लाख ५० हजारांचा म्हटला तर शुल्क ३ लाख ३० हजारांच्या पुढे. याउलट राहत्या घराच्या बक्षीसपत्राला, म्हणजे भेट दिल्याच्या दस्ताला, ते पती किंवा पत्नीच्या नावे असेल तर, नाममात्रच शुल्क लागतं, वर स्थानिक अधिभार. त्याचा चालू आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

पण इथे दोन अटी आहेत आणि दोन्ही मोडल्या जातात. एक म्हणजे बक्षीस हे मोबदल्याशिवाय असतं. दस्तात ‘हिश्श्यापोटी २८ लाख मिळाले’ असं लिहिलंत तर ते बक्षीस राहत नाही आणि कमी शुल्क भरल्याबद्दल वसुली व दंड मागे लागतो. हिश्श्याची किंमत खरोखर घेतली-दिली जात असेल तर पूर्ण शुल्क धरूनच हिशेब मांडा. दुसरी अट वेळेची. ही सवलत पती-पत्नीला आहे, माजी पती-पत्नीला नाही. हुकूमनामा झाल्यावर बक्षीसपत्र करायला गेलात तर तुम्ही एकमेकांना कायद्याने परके असता. शुल्क तर वाढतंच, शिवाय मिळालेल्या हिश्श्यावर घेणाऱ्याला आयकरही लागू शकतो, कारण नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीची सूट तेव्हा उरलेली नसते. म्हणून हा दस्त अंतिम हुकूमनाम्याच्या आधी नोंदवून झाला पाहिजे.

तडजोडीच्या हुकूमनाम्यानेच हिस्सा देता येतो का? येतो, पण तो फ्लॅट त्या अर्जाचा विषय असला पाहिजे. तसा नसेल तर नोंदणी कायद्याप्रमाणे तो हुकूमनामा स्वतंत्र नोंदवावा लागतो आणि शुल्काचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका फ्लॅटबाबत, तो त्या वादाचा विषय होता म्हणून, पत्नीच्या नावे नोंदणीसाठी मुद्रांक शुल्क लागू नये असं म्हटलं. तेव्हा परस्परसंमतीच्या अर्जातच फ्लॅटचं पूर्ण वर्णन घाला. सर्व्हे क्रमांक, इमारत, मजला, चटई क्षेत्र, करारनाम्याचा नोंदणी क्रमांक आणि तारीख हे सगळं लिहून त्याबद्दलची मागणीही लिहा. नुसतं ‘वाकड येथील फ्लॅट’ लिहिलेला हुकूमनामा घेऊन सोसायटीत आणि दुय्यम निबंधकाकडे चकरा मारणारी माणसं कुठल्याही कुटुंब न्यायालयाच्या आवारात भेटतील.

फ्लॅट गहाण आहे, म्हणून बँकेच्या लेखी नाहरकतीशिवाय कुठलाही दस्त करू नका. घाईघाईने बक्षीसपत्र नोंदवतात, मग बँक म्हणते की आम्हाला न विचारता केलंत, सहकर्जदाराचं नाव आम्ही काढत नाही. हिस्सा गेलेला असतो, कर्ज तसंच असतं.

आता बाकीची देणी. बायको किंवा नवरा आहे एवढ्यावरून कोणी दुसऱ्याच्या कर्जाला जबाबदार होत नाही. कागदावर सही कोणत्या नात्याने आहे ते बघायचं. ९ लाखांचं वैयक्तिक कर्ज त्यांच्या एकट्याच्या सहीचं असेल तर बँक तुमच्याकडे येऊ शकत नाही. पण तो पैसा गेला कुठे ते विचारा. घराचं फर्निचर किंवा मुलीच्या आजारपणात गेला असेल तर तडजोडीत ते तो तुमच्याकडून वळता करून मागतील, आणि त्यात तथ्यही असेल. दिराच्या धंद्यात गेला असेल तर तो तुमच्या हिशेबात येऊ देऊ नका. क्रेडिट कार्डाचं देणं मूळ कार्डधारकाचं. तुमच्याकडे त्याच खात्याचं जोडकार्ड असेल तर ते आजच लेखी अर्ज देऊन बंद करा आणि तुमच्या कार्डावरचे व्यवहार वेगळे काढून ठेवा.

पतपेढीचा जामीन ही या सगळ्यातली सर्वांत चिवट गाठ. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. पतपेढीने आधी दिराच्या मागे लागायलाच हवं असं बंधन नाही. हप्ते थकले की ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालयातून वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी थेट तुमच्या पगारावर टाच आणू शकतो. तेव्हा ‘माझा घटस्फोट झालाय’ हे उत्तर चालत नाही. सुटायचे मार्ग दोनच, कर्ज फेडून बेबाकी दाखला (काही देणं उरलं नसल्याचा दाखला) घेणं किंवा दुसरा जामीनदार देऊन संचालक मंडळाच्या ठरावाने तुमचं नाव कमी करून घेणं. ठरावाची प्रत हातात घ्या, व्यवस्थापकाच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका. हे कर्ज कॅश क्रेडिटचं असेल, म्हणजे दीर त्यातून पैसे काढत-भरत असेल, तर यापुढच्या रकमांसाठी जामीन मागे घेत असल्याची लेखी नोटीस पोचपावतीसह लगेच द्या. आजवरचं देणं त्याने सुटत नाही, पण पुढचं वाढत नाही. घटस्फोटाला संमती हा तुमच्या हातातला हुकमी पत्ता आहे, आणि जामीन सोडवून घेण्यासाठी तो वापरायची हीच वेळ. नंतर दिराला तुमच्यासाठी हालचाल करण्याचं काही कारण उरणार नाही.

सोनेतारणातले ९ तोळे नवऱ्याच्या नावावर आहेत, म्हणजे पाकीट त्यांच्याच सहीने सुटेल. कर्ज थकलं तर नोटीस देऊन लिलाव होतो आणि नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाते, तुमच्या नाही. म्हणून हे सोनं न्यायालयातल्या पहिल्या तारखेआधी सोडवून तुमच्या ताब्यात आलं पाहिजे. २४ तोळ्यांची यादी करा. दागिन्याचं नाव, वजन, कोणी दिला, पावती आहे का, लग्नाच्या फोटोत दिसतो का, आज कुठे आहे, अशी एकेक ओळ. परत मिळताना सराफाकडे वजन करून यादीवर दोघांच्या सह्या घ्या.

आता क्रम, कारण सगळी मेख त्यातच आहे. परस्परसंमतीच्या अर्जासाठी वर्षभर वेगळं राहणं लागतं, अर्ज ही पहिली पायरी, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी दुसरी पायरी येते, तेव्हा दोघांनी न्यायालयासमोर पुन्हा संमती द्यायची असते. तो सहा महिन्यांचा काळ न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून स्थिर आहे. दुसऱ्या पायरीपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. या दोन पायऱ्यांमधला काळ हीच तुमची कामाची जागा. अर्जाआधी दोघांनी मालमत्ता आणि देण्यांची प्रतिज्ञापत्रं एकमेकांना द्यायची. पोटगीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याचा नमुना ठरवून दिला आहे, संमतीच्या प्रकरणातही तोच वापरा. त्यात भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, विमा, कंपनीचे शेअर्स सगळं उघडं होतं. पहिल्या पायरीपर्यंत सोनं परत, जामिनातून सुटका, आणि रकमेचा पहिला भाग. मधल्या काळात बँकेत कर्ज एकाच्या नावावर करण्याचा अर्ज, मंजुरीपत्र, नाहरकत, नवा कर्ज करार. बक्षीसपत्र करायचं तर ते दुसऱ्या पायरीच्या अगदी जवळच्या तारखेला, कर्जातून नाव निघाल्याचं बँकेचं पत्र हातात आल्यानंतरच. उरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट न्यायालयासमोर द्यायचा, त्याची नोंद पुरशिशीत (न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनात) करायची, आणि मगच अंतिम संमती.

आता संमतीपत्राचा मसुदा. नेहमीच्या मसुद्यात अशी ओळ असते: ‘पत्नी सदर फ्लॅटवरील सर्व हक्क सोडून देत आहे व पती पुढील हप्ते भरण्याची हमी देत आहे.’ यावर सही करू नका. त्याऐवजी असं हवं: ‘पतीने अमुक तारखेपर्यंत अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यातून पत्नीचं नाव कमी करून बँकेचं लेखी पत्र न्यायालयात दाखल करायचं आहे. तसं झाल्यावरच पत्नी हिस्सा सोडण्याचा दस्त नोंदवेल. मुदतीत न झाल्यास फ्लॅट विक्रीस काढला जाईल, दोघं विक्रीच्या दस्तावर सह्या करतील आणि कर्ज फेडून उरलेली रक्कम निम्मी-निम्मी घेतील.’ मुदत, कर्जखात्याचा क्रमांक आणि न झाल्यास काय, या तीन गोष्टी असल्या की उद्या त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. नुसती ‘हमी’ असेल तर आधी तुमचं नुकसान व्हावं लागतं, मग दावा.

पोटगीबद्दल थोडंच लिहितो, कारण आकडा परिस्थितीवर ठरतो. दोघांचं उत्पन्न, राहणीमान, लग्नाची वर्षं, मूल कोणाकडे, यावर. तुम्ही नोकरीत आहात म्हणून पोटगी शून्य असं नाही, पण अपेक्षा वास्तवात ठेवा. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम समजली जाते आणि करपात्र उत्पन्न धरली जात नाही. दरमहा मिळणारी धरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ सालचा निकाल याबाबत आजही आधाराला घेतात. मुलीचा खर्च मात्र तुमच्या हिशेबात मिसळू देऊ नका. तो तिचा हक्क आहे आणि आईने ‘मला काही नको’ लिहून दिल्याने तो संपत नाही. शाळेची फी, आरोग्यविमा आणि उच्च शिक्षण या तिन्हींची स्वतंत्र ओळ हवी, दरवर्षी किती टक्के वाढ तेही लिहून.

संयुक्त बचत खातं असेल तर ‘कोणीही एक’ ऐवजी ‘दोघं मिळून’ असा बदल करण्याचं पत्र बँकेला द्या. त्यांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा काढला असेल तर पॉलिसी मागवून बघा. त्यातला लाभार्थी त्यांना मनाने बदलता येत नाही. तुमच्या स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीत, विम्यात आणि डिमॅट खात्यात वारसनोंद अजून नवऱ्याच्या नावे असेल, ती हुकूमनाम्यानंतर आपोआप बदलत नाही.

तडजोड फिसकटली आणि फ्लॅटच्या वाटणीचा अर्ज लावावा लागला तर खर्चाची धास्ती घेऊ नका. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक नात्यातून आलेल्या मालमत्तेच्या वादांत महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे, १९९४ पासून.

या आठवड्यात इतकं करा. बँकेकडून कर्जाचा आजपर्यंतचा उतारा, जमा मूळ कागदपत्रांची यादी आणि सहकर्जदाराचं नाव कमी करण्याच्या अटी लेखी मागवा. स्वतःचा सिबिल अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात पतपेढीचा जामीन दिसतोय का आणि तुमच्या नकळत आणखी कुठे तुमची सही लागलेली आहे का ते बघा. हे कागद हातात येईपर्यंत संमतीपत्राच्या कुठल्याही मसुद्यावर, ‘कच्चाच आहे’ असं कोणी म्हटलं तरी, सही करू नका.